चिघळणारी जखम: सकाळची वाट केव्हा पाहू नये

ऊसतोडीत नडगीवर बसलेला कोयत्याचा घाव, भातलावणीत तळपायात रुतलेला काटा, वारीच्या वाटेवर फुटलेला फोड किंवा सिझेरियनचे टाके, अशा कोणत्याही जखमेच्या बाबतीत घरच्यांना पडणारा प्रश्न एकच असतो आणि तो बहुधा रात्रीच पडतो: आत्ताच गाडी काढायची, की सकाळी दवाखाना उघडल्यावर जायचे? जखमेकडे एकदा पाहून याचे उत्तर देता येत नाही. जखम किती मोठी आहे, पू किती येतो, वास किती मारतो यांवरून लोक अंदाज बांधतात. परंतु भरपूर पू वाहणाऱ्या जखमेला निदान आतली घाण बाहेर टाकण्याची वाट मिळालेली असते, आणि वरून जवळजवळ मिटलेली, पुवाचा थेंबही नसलेली जखम काही तासांत माणसाला अत्यवस्थ करू शकते. त्यामुळे दोन गोष्टींवर लक्ष ठेवणे अधिक उपयोगाचे आहे. जखमेभोवतीचा बदल किती वेगाने होत आहे ही एक, आणि ज्याला जखम झाली आहे तो माणूस एकंदरीत कसा आहे ही दुसरी.

भरणारी जखम आणि चिघळणारी जखम

कापल्यानंतर किंवा टाके घातल्यानंतर पहिले दोन-तीन दिवस किनारीपुरती लाली, थोडी सूज, दुखणे आणि पातळ पिवळसर पाणी झिरपणे हा जखम भरण्याचाच भाग असतो. तिसऱ्या दिवसापासून मात्र हे सर्व उताराला लागले पाहिजे. कालच्यापेक्षा आज कमी दुखावे, आजच्यापेक्षा उद्या कमी. साध्या जखमेत जंतुसंसर्ग बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागतो. शस्त्रक्रियेच्या टाक्यांमध्ये तो साधारणपणे पाचव्या ते दहाव्या दिवशी, म्हणजे रुग्ण घरी आल्यावर आणि भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरल्यावर, डोके वर काढतो. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतरचे ३० दिवस, आणि आत सळई, प्लेट किंवा कृत्रिम सांधा बसवला असल्यास ९० दिवस, लक्ष ठेवण्याचे मानले जातात. कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढू लागणे ही चिघळण्याची फार लवकर मिळणारी खूण आहे आणि ती सर्वांआधी रुग्णालाच कळते. तेव्हा कोणी "काल ठणक्याने रात्रभर डोळा लागला नाही" असे म्हणाले, तर ती नुसती कुरकुर समजून सोडून देऊ नये.

लाली ओळखण्यात आपल्याकडे एक अडचण आहे. सावळ्या त्वचेवर लाली लाल दिसत नाही. ती जांभळट, तपकिरी किंवा नुसती अधिक काळी दिसते, आणि मंद दिव्याच्या उजेडात तेवढीही दिसत नाही. त्यामुळे डोळ्यांइतकाच हाताचा उपयोग करावा. हात स्वच्छ धुऊन पंजाची पालथी बाजू आधी चांगल्या पायाला आणि मग त्याच जागी दुखऱ्या पायाला लावून ऊब ताडून पाहावी, कातडी ताणली जाऊन चकाकते आहे का ते बघावे आणि जखमेपासून दूरची जागा हलकेच दाबून दुखते कुठपर्यंत हे विचारावे. पायाच्या जखमेमुळे जांघेत किंवा हाताच्या जखमेमुळे काखेत दुखरी गाठ आली, म्हणजे अवधाण आले, तर संसर्ग जखमेपुरता राहिलेला नाही असे समजावे. नुसते अवधाण ही मध्यरात्री धावण्याची गोष्ट नाही, परंतु ती त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवण्याची नक्की आहे.

कडेने रेघ ओढून ठेवावी

घरच्या घरी करता येण्यासारखे सर्वांत उपयोगी काम म्हणजे लालीची, सुजेची किंवा दुखऱ्या भागाची जी कड असेल तिच्यावरून बॉलपेनने रेघ ओढून शेजारी तारीख आणि वेळ लिहिणे. लाजण्याचे कारण नाही. इस्पितळातही हेच करतात. सोबत मोबाइलने एक फोटो काढावा आणि पुढचे फोटो त्याच जागेवरून, त्याच उजेडात काढावेत. पाय सुजला असेल तर शिंप्याच्या टेपने पोटरीचा घेर मोजून तोही लिहून ठेवावा, कारण "मघापेक्षा जास्त वाटते" आणि "तीन तासांत दोन सेंटिमीटर वाढले" या दोन वाक्यांनी डॉक्टरांचे निर्णय निरनिराळे होतात.

दोन-तीन तासांत लाली किंवा सूज रेघ ओलांडून बोटभर पुढे गेलेली दिसली, तर पुढच्या मोजणीची वाट न पाहता निघावे, मग ताप असो वा नसो. रात्रभरात ती थोडीच सरकली असेल आणि रुग्ण खाऊन-पिऊन नीट बोलत असेल, तर सकाळी पहिल्या वेळेला दाखवणे पुरेसे असते. एक अपवाद लक्षात ठेवावा. डॉक्टरांनी प्रतिजैविक सुरू केल्यानंतर पहिल्या २४ तासांत लाली रेघेच्या किंचित बाहेर जाऊ शकते, आणि तेवढ्यावरून औषध लागू पडत नाही असे ठरत नाही. रुग्णाचा ताप आणि ठणका उतरत असेल तर धीर धरावा. ४८ तासांनंतरही पसरणे थांबले नसेल तर मात्र परत जावे, आणि मधल्या काळात ताप किंवा थंडी वाढली तर त्यापूर्वीच.

जखमेपासून निघून हाताच्या आतल्या बाजूने कोपराकडे किंवा पायावरून जांघेकडे चढणारी लांब लाल रेघ दिसली, तर संसर्ग लसवाहिन्यांमधून वर सरकत आहे असे समजावे. तिच्यासोबत ताप किंवा हुडहुडी असेल तर ताबडतोब निघावे. नसेल तरी त्याच दिवशी औषध सुरू झाले पाहिजे.

जखम सोडून माणसाकडे पाहावे

जखमेतील जंतूंशी झगडताना शरीराची प्रतिक्रिया कधी कधी इतकी बेबंद होते की तिच्यामुळेच मूत्रपिंडे, फुप्फुसे, मेंदू आणि रक्ताभिसरण यांचे काम बिघडू लागते. यालाच डॉक्टर सेप्सिस म्हणतात आणि गावाकडे "अंगात सेप्टिक भिनले" असे म्हणतात. २०१७ या एका वर्षात, निरनिराळ्या संसर्गांमुळे, जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते, असा अंदाज आहे. हा बिघाड सुरू झाल्यावर तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नाही. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला निदानाचा संशय येताच एका तासाच्या आत शिरेतून प्रतिजैविक मिळावे, अशी आज जगभरची शिफारस आहे.

त्याची चिन्हे घरी पकडता येतात, मात्र ती जखमेवर नसतात. प्रथम श्वास मोजावा. रुग्णाला न सांगता, तो स्वस्थ पडलेला असताना, छाती किंवा पोट किती वेळा वर येते हे घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पाहावे. मोठ्या माणसात ही संख्या २२ किंवा त्याहून अधिक भरली आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजल्यावरही तेवढीच राहिली, तर ते गंभीर आहे. माझ्या मते ताप मोजण्यापेक्षाही हे मोजणे महत्त्वाचे आहे, पण ते जवळजवळ कोणीच करत नाही. मग माणसाशी बोलून पाहावे. वार कोणता, जेवण काय झाले, समोर कोण उभे आहे असे साधे प्रश्न विचारावेत. उत्तर असंबद्ध आले, माणूस पेंगत राहिला, नेहमी शांत असणारा उगाच चिडू लागला किंवा "सोडा मला, झोपू द्या" एवढेच म्हणत राहिला, तर तो थकला आहे असे म्हणून पांघरूण घालू नये. हातपाय गार आणि घामट पडणे, ओठ किंवा नखे निळसर होणे, गुडघ्यांवरच्या कातडीवर जांभळट जाळी उमटणे, दात वाजतील अशी थंडी भरून येणे, पाणी पीत असूनही आठ-दहा तासांत लघवी न होणे किंवा अगदी थोडी, गडद होणे, उठून बसताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी एकही गोष्ट जखम चिघळलेल्या माणसात दिसली, तर ती रात्र घरी काढण्याची नाही.

तापाबद्दल दोन गैरसमज आहेत. ताप नाही म्हणजे धोका नाही, हा पहिला. पॅरासिटामॉल किंवा अंगदुखीची गोळी घेतलेल्या माणसाचा ताप काही तास लपतो. वृद्ध, मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि स्टेरॉइड घेणारे यांना गंभीर संसर्गातही ताप चढेलच असे नाही. आणि अंग ९६.८ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ३६ सेल्सिअसच्या, खाली उतरणे हे तर चढलेल्या तापाइतकेच वाईट असते. दुसरा गैरसमज असा की ताप उतरला म्हणजे संसर्ग उतरला. गोळीने उतरलेला ताप गोळीचाच असतो. १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक ताप जखमेच्या लालीसोबत असेल, तर त्याच दिवशी वैद्यकीय तपासणी व्हावी, आणि सोबत वर सांगितलेले कोणतेही लक्षण असेल तर तत्काळ. रक्तदाबाचे यंत्र घरी असल्यास वरचा आकडा १०० किंवा त्याखाली आहे का ते पाहावे. ज्यांचा रक्तदाब एरवी १५० असतो त्यांचा तो अशा आजारपणात ११० वर आला, तर "बीपी छान उतरले" म्हणून समाधान मानणारे नातेवाईक भेटतात. ती खरोखर काळजीची बाब असते.

वरून साधी, आतून पसरणारी

या सर्वांत फसवा प्रकार म्हणजे कातडीखालच्या ऊती आणि स्नायूंवरचे आवरण सडवत पसरणारा संसर्ग. तो विरळा आहे, परंतु त्याला गोळ्या-इंजेक्शने पुरत नाहीत. सडलेला भाग शस्त्रक्रियेने काढून टाकावा लागतो आणि त्याला जितका उशीर होईल तितका अवयव आणि जीव दोन्ही धोक्यात येतात. त्याची पहिली खूण म्हणजे दिसणे आणि दुखणे यांचा मेळ न बसणे. वरून थोडीशी सूज आणि साधी लाली, पण रुग्ण वेदनेने तळमळतो आहे, नुसते पांघरूण लागले तरी ओरडतो आहे, लालीच्या पलीकडे जिथे कातडी चांगली दिसते तिथेही हात लावू देत नाही, असे असेल तर तो "नाजूक" आहे असे कोणी म्हणू नये.

पुढच्या काही तासांत सूज लाकडासारखी टणक होते, कातडी जांभळी, राखाडी किंवा काळी पडू लागते, तिच्यावर गडद पाण्याचे किंवा रक्ताळलेले फोड येतात, जखमेतून घट्ट पुवाऐवजी करड्या रंगाचे गढूळ, दुर्गंधी पाणी येते. कातडी दाबल्यावर आत कुरकुर जाणवली, तर आत वायू साठला आहे. मातीत आणि शेणात राहणाऱ्या जंतूंमुळे होणाऱ्या वायुकोथात, म्हणजे गॅस गँगरीनमध्ये, हे दिसते, आणि जनावरांच्या गोठ्यातील किंवा रस्त्यावरील अपघातातील चेंगरलेल्या, माती भरलेल्या जखमेनंतर एक ते चार दिवसांत, क्वचित काही तासांतही, तो सुरू होऊ शकतो. त्याहून फसवी गोष्ट अशी की कातडीच्या नसा मेल्यावर ठणका अचानक थांबतो आणि ती जागा बधिर होते. घरच्यांना हायसे वाटते, रुग्णही झोपतो. सूज वाढत असताना दुखणे एकाएकी नाहीसे झाले, तर तो उतार नाही. गाडी बोलावण्याची ती वेळ आहे.

जागेमुळे आणि कारणामुळे वाढणारा धोका

काही जागा अशा आहेत की तिथे छोटा संसर्गही मोठा मानावा. बोटात काटा, माशाचा काटा किंवा तार रुतल्यानंतर सबंध बोट सारखेच सुजले, ते अर्धवट वाकलेले राहिले, तळव्याच्या बाजूने दाबल्यास बोटभर दुखले आणि दुसऱ्याने ते सरळ करू जाताच कळ गेली, तर पू बोट वाकवणाऱ्या कंडरेच्या, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या, आवरणात शिरला असण्याची शक्यता असते आणि बोट कायमचे आखडण्यापूर्वी शस्त्रक्रियेची गरज पडू शकते. भांडणात समोरच्याच्या दातावर आपटून मुठीवर झालेली लहानशी जखम लोक सांगायलाही लाजतात, पण तिच्यातून सांधा पिकतो. जखमेजवळचा गुडघा, घोटा किंवा कोपर सुजून गरम झाला आणि जरासाही हलवता येईना, तर सकाळपर्यंत थांबू नये. नाकावरचा किंवा वरच्या ओठावरचा पुळी-फोड कधीही पिळू नये. त्यानंतर किंवा पापणीजवळच्या जखमेनंतर डोळा सुजून बाहेर आल्यासारखा वाटला, बुबुळ हलवताना दुखले, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या किंवा दृष्टी अंधुक झाली, तर थेट मोठे इस्पितळ गाठावे.

मांजराचा दात सुईसारखा खोल जातो आणि जागा २४ तासांच्या आतच पिकू शकते. कुत्रा, मांजर, माकड यांपैकी कशाच्याही चाव्यानंतर १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुणे आणि रेबीजची लस घेणे हे जखम चिघळो वा न चिघळो करायचेच असते, आणि चिघळण्याची वाट पाहून ते पुढे ढकलता येत नाही. समुद्राच्या किंवा खाडीच्या पाण्यात, मासे-कोलंबी साफ करताना झालेल्या जखमेत काही जंतू फार झपाट्याने वाढतात. किनारपट्टीवर राहणाऱ्या आणि यकृताचा आजार असलेल्या किंवा नियमित दारू घेणाऱ्या माणसाला अशी जखम झाल्यावर ताप आणि कातडीवर रक्ताळ फोड दिसले, तर एक तासही दवडू नये. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालल्यावर पायाची चीर चांगली भरली, पण आठवडा-दोन आठवड्यांत जोराचा ताप, पोटऱ्यांत कळा आणि डोळ्यांना लाली आली, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घेऊन तपासणी करावी. त्यात जखम निर्दोष दिसते आणि कावीळ झाली किंवा लघवी कमी झाली की आजार फार पुढे गेलेला असतो.

कोणाच्या बाबतीत आधीच निघावे

मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे "दुखत नाही" या वाक्याला काहीही किंमत उरत नाही. चपलेचा खिळा टोचून दोन दिवस झाले तरी माणसाला पत्ता नसतो. मोज्याला लागलेला डाग किंवा खोलीत येणारा वास पाहून घरच्यांना कळते. अशा पायाला लाली, सूज, पाणी, वास किंवा काळा पडलेला डाग यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी दाखवावे. ओलसर, दुर्गंधी येणारा काळा भाग असेल, लाली टाचेकडे किंवा घोट्यावर चढत असेल, ताप असेल, किंवा जेवण आणि औषधे नेहमीचीच असून साखर एकाएकी ३०० च्या पुढे जाऊ लागली असेल, तर लगेच. वारीत जवळपास तीन आठवडे चालणारे अनेक मधुमेही वारकरी तळपायाचे फोड बांधून "पंढरपूर गाठल्यावर बघू" म्हणतात. वाटेवर आरोग्य खात्याची पथके असतात. फोड तिथे रोज दाखवावा, आणि पथकाने पुढे पाठवले तर त्या दिवसापुरती पालखी पुढे जाऊ द्यावी.

बाळंतिणीचा ताप दूध दाटल्यामुळे आला असेल, असे म्हणून घालवण्याची सवय आपल्या घरांत खोल रुजलेली आहे. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत १००.४ च्या वर ताप, ओटीपोटात दुखणे, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला घाण वास, सिझेरियनच्या टाक्यांची लाली पसरणे किंवा टाके उसवून आतून पाणी येणे यांपैकी काहीही झाले, तर माहेरची माणसे काय म्हणतात याची वाट न पाहता जिथे बाळंतपण झाले तिथे किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे. नवजात बाळाच्या बेंबीभोवती लाली, सूज किंवा पू असेल आणि बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, गार किंवा गरम लागले, तर ते तातडीचे आहे. तीन महिन्यांखालील बाळाला ताप असला की घरी थांबूच नये.

कर्करोगाची औषधे, डायलिसिस, अवयवरोपणानंतरच्या गोळ्या, किंवा दम्यासाठी आणि सांध्यांसाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांनीही वर जिथे "त्याच दिवशी" म्हटले आहे तिथे "लगेच" असे वाचावे.

धनुर्वात वेगळा

जखम झाल्याबरोबर इंजेक्शन घेतले म्हणजे ती पिकणार नाही, ही समजूत सर्वत्र आहे. ते इंजेक्शन, पूर्वीचे टीटी आणि आताचे टीडी, जखमेतील पुवाला अडवत नाही. टीटी फक्त धनुर्वातापासून आणि टीडी त्याखेरीज घटसर्पापासून संरक्षण देते. मूळ डोस पूर्ण झालेले असल्यास स्वच्छ, लहान जखमेसाठी मागील डोसला १० वर्षे आणि माती-शेण लागलेल्या किंवा खोल जखमेसाठी ५ वर्षे झाली असतील तर तो पुन्हा घ्यावा. ज्यांचे डोस झालेच नाहीत किंवा आठवत नाहीत त्यांना खोल, घाणेरड्या जखमेत प्रतिपिंडांचे वेगळे इंजेक्शनही लागते. धनुर्वात दिसायला ३ ते २१ दिवस लागू शकतात आणि तोवर जखम भरून खपलीही पडलेली असते. जबडा आखडून तोंड उघडेनासे होणे, गिळताना त्रास, मान आणि पोट ताठणे, आवाजाने किंवा स्पर्शाने झटके येणे, यांतील काहीही आढळल्यास दात दुखत असेल असे समजून दंतवैद्याकडे न जाता अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जावे.

घरी काय करू नये

हळद, चुना, तंबाखू, राख, शेण, टूथपेस्ट यांपैकी काहीही उघड्या जखमेत भरू नये. शेणात आणि मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात, चुन्याने जखम भाजते, बाकीच्या पदार्थांनीही ती बिघडू शकते, आणि या सर्वांच्या थरामुळे खालचा रंग दिसत नाही, जो पाहणे सर्वांत गरजेचे आहे. कॅप्सूल फोडून तिची पावडर टाकणे, खाजेसाठी आणलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावणे, मागच्या आजारातल्या उरलेल्या प्रतिजैविकाच्या दोन-तीन गोळ्या घेणे हेही टाळावे. पिळून पू काढू नये. जखमेत अळ्या दिसल्या तर त्यावर रॉकेल, पेट्रोल किंवा फिनेल ओतू नये. ओल्या स्वच्छ फडक्याने झाकून रुग्णालयात न्यावे. मधुमेही पाय गरम पाण्यात शेकू नये, कारण भाजलेले त्यांना कळत नाही. भाताने आणि वांग्याने पू होतो म्हणून पथ्य पाळणारी घरे अजून आहेत. त्याला आधार नाही, उलट डाळ, अंडी, दूध बंद केल्याने भरणे लांबते.

पाण्याने आणि साध्या साबणाने धुणे, स्वच्छ सुती कापडाने सैल झाकणे आणि तो अवयव उशीवर उंच ठेवणे एवढे पुरे. वेदनेसाठी पॅरासिटामॉल दिले, तर किती वाजता दिले हे लिहून ठेवावे.

निघताना

सुजणाऱ्या हातापायातील अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, पायातला काळा दोरा हे सर्व निघण्याआधीच काढावे. नंतर ते कापावे लागतात आणि तोवर रक्तपुरवठा आवळला जातो. रुग्ण पेंगत असेल, श्वास वाढलेला असेल किंवा चक्कर येत असेल तर मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नये; १०८ ला फोन करावा. शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असल्याने वाटेत खाऊ घालू नये, आणि शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणीही घालू नये. चालू औषधांच्या चिठ्ठ्या, आधीच्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड, साखरेच्या नोंदी आणि रेघेचे फोटो सोबत घ्यावेत. आधार आणि रेशनकार्ड हाताशी असल्यास घ्यावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र त्यासाठी मदत करतात, परंतु कागद शोधण्यात अर्धा तास घालवू नये, ते मागाहून कोणी आणून देऊ शकते. ऊसतोड मजुरांना खाडा पडण्याची आणि उचल अंगावर येण्याची भीती असते, हे ठाऊक असूनही सांगावे लागते की आज बुडलेली एक मजुरी ही पाय गमावण्यापुढे मुकादमालाही परवडणारी गोष्ट आहे.

अपघात विभागात गेल्यावर "जखम सुजली आहे" एवढेच म्हटल्यास रांगेत बसवले जाण्याची शक्यता असते. बोलणे थोडक्यात आणि आकड्यांत करावे: "चार दिवसांपूर्वी कोयता लागला. काल संध्याकाळी सूज घोट्यापर्यंत होती, आज दुपारी गुडघ्याखाली आली. मिनिटाला २६ श्वास मोजले. सकाळपासून लघवी नाही. यांना शुगर आहे. दोन वाजता पॅरासिटामॉल दिले." दुखणे सुजेच्या मानाने फारच जास्त असेल तर तेही याच शब्दांत सांगावे आणि सर्जनला दाखवण्याची विनंती करावी.

जवळ फक्त प्राथमिक आरोग्य केंद्र असेल तर तिथे जाणे व्यर्थ नसते. सलाईन आणि प्रतिजैविकाचा पहिला डोस तिथेच मिळू शकतो आणि पुढे पाठवण्याचे पत्रही. त्या पत्रावर कोणते इंजेक्शन किती वाजता दिले हे लिहून घ्यावे, आणि पुढचे रुग्णालय ठरवताना तिथे रात्री सर्जन आणि भूलतज्ज्ञ हजर आहेत का हे निघण्यापूर्वीच फोनवरून विचारून घेण्याची विनंती करावी. जिथे ते नसतील तिथे थांबून सकाळी पुन्हा पाठवले जाण्यापेक्षा, चाळीस किलोमीटर लांबचे पण सर्जन असलेले रुग्णालय अशा रात्री जवळचे ठरते.